चाळीस मिनिटांचा संकल्प

१ जानेवारी १९६१, रविवार

नवं वर्ष, नवी वही. मराठीत लिहायचं ठरवलं आहे. कचेरीत सगळ्यांना कानडी आणि इंग्लिश येतं. बायको सत्यवती धारवाडची, तिची शाळा कानडी, बालबोध वाचायचा तिला कंटाळा. घरात मराठी वाचणारे फक्त माझे वडील, आप्पा, आणि त्यांना आता चष्मा लावूनही अक्षर दिसत नाही. म्हणजे वही सेफ.

वय अठ्ठेचाळीस. ब्लडप्रेशर. प्रमोशन हुकलं. साहेब म्हणाले, हयवदनराव, तुमचा राग आड येतो. ते ऐकून मी त्यांच्या टेबलावर फाइल आपटली. यंदा राग बंद. कॉफी बंद. योगासनं चालू.

दुपारी ३.०० कॉफी घेतली. बंदी उद्यापासून आहे.

४ जानेवारी, बुधवार

योगाच्या क्लासला नाव घातलं. घरापासून चार गल्ल्यांवर, देवळामागच्या हॉलमध्ये. शिकवणारे भीमसेनराव, निवृत्त ड्रिलमास्तर, वय सत्तर, पाठ फळीसारखी ताठ. पद्मासनात उजवा पाय आला, डावा आला नाही. ते म्हणाले, सावकाश येईल. मी डावा पाय मनानं घातला आणि बसलो. पहिल्याच दिवशी अर्धं पद्मासन जमणारे फार नसतील.

कॉफी: अर्धा तांब्या. म्हणजे रोजच्यापेक्षा कमीच.

८ जानेवारी, रविवार

भीमसेनरावांनी आज प्रत्येकाला एकेक संकल्प करायला सांगितला. छोटा, झेपेल असा, एका वाक्यात. चिठ्ठीवर लिहा, खिशात ठेवा, रोज बसण्याआधी तीनदा मनात म्हणा, कुणाला सांगू नका. ध्यान सुरुवातीला पाच मिनिटं पुरे.

मला हे फार कच्चं वाटलं. पाच मिनिटं ही नोकरदार माणसांसाठी. (मीही नोकरदार, पण हेडक्लार्क.) आणि आपल्या घरात संकल्प चिठ्ठीवर होत नाही. घरी येऊन पुन्हा आंघोळ केली, सोवळ्याचा पंचा नेसलो, देवापुढं बसून पळीनं हातावर पाणी घेतलं. गोत्र, नाव, ठिकाण, सगळं रीतसर म्हटलं आणि पाणी सोडलं: रोज सकाळी सहापासून चाळीस मिनिटं सोवळ्यात ध्यान करीन आणि काहीही झालं तरी मधे आसनावरून उठणार नाही.

मागच्या खोलीतून आप्पा म्हणाले, पाणी सोडलंस ना रे, आता मोडू नको हं. डोळे गेले तरी कान तिखट आहेत. माझा गुरू घरातच आहे म्हणायचा.

१० जानेवारी, मंगळवार

मुलगी लग्न होऊन हुबळीला गेल्यापासून तिची खोली रिकामी होती, तिथं आसन मांडलं. सहाला डोळे मिटले. अत्यंत खोल शांतता. बराच वेळ गेल्यावर घड्याळ पाहिलं, सहा वाजून चार मिनिटं. घड्याळ समोर ठेवणं ही चूक. पण नाही ठेवलं तर चाळीस मिनिटं झाल्याचं कळणार कसं?

पुढं भिंतीला टेकून बसलो. छान तंद्री लागली. डोळे उघडले तेव्हा हनुवटी ओली होती. योगाच्या पोथीत म्हटलं आहे की टाळूतून अमृत स्रवतं. दुसऱ्याच दिवशी एवढा प्रोग्रेस अपेक्षित नव्हता.

२४ जानेवारी, मंगळवार

आप्पांचं काय करावं? गेल्या वर्षी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ते खाटेवरच आहेत. काही हवं झालं की उशाची काठी जमिनीवर आपटतात. ठक ठक ठक. कधी स्वल्प पाणी, कधी पांघरूण सरकलं, कधी नुसतंच आज वार कोणता. नेमकं माझ्या ध्यानाच्या वेळी. मी जाऊ शकत नाही, संकल्प आहे. शिवाय सोवळ्यात आहे. त्यांच्या अंथरुणाला शिवलं की पुन्हा आंघोळ. हे मी काढलेलं नाही, त्यांचंच शिक्षण. लहानपणी सोवळ्यात असताना मी त्यांच्या अंथरुणावर उडी मारली होती, तेव्हा जानेवारीच्या थंडीत मला विहिरीवर उभं केलं होतं.

सत्यवती जाते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज घरात भांडण. माझ्याकडून नाही, माझा राग बंद आहे.

सत्यवती म्हणाली, मीही सोवळ्यातच असते, देवाचा नैवेद्य चुलीवर असतो, आज सकाळी तीनदा काठी वाजली आणि मी तीनदा गार पाण्यानं आंघोळ केली. गरम पाणी तुम्ही संपवता. एवढं बोलून सात शिंका दिल्या. मग म्हणाली, उद्यापासून सकाळची काठी तुमची. मी सरी म्हटलं, म्हणजे बरं. नाही म्हटलं असतं तर आवाज चढला असता, आणि राग बंद आहे.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. सरी म्हटलं ते तोंडानं. संकल्पाला पाणी सोडलेलं आहे. कायद्यानं पाहिलं तर आधीचा कागद वरचढ.

७ फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस काठी वाजली की ती स्वयंपाकघरात थांबते आणि मी आसनावर. दोघंही एकमेकांची चाहूल घेत. शेवटी तीच जाते, भांडी आपटत. ही एक प्रकारची साधनाच आहे. आज मी चौदा मिनिटं डोळे उघडले नाहीत.

९ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ५.५५

आज पक्की चाळीस. आंघोळ झाली. सत्यवती आत शिंकते आहे, पण मी विचलित नाही.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

आप्पा गेले. नऊ तारखेलाच, सकाळी. परवा तेरावा झाला. आज पहिल्यांदा वही उघडली.

नोंद म्हणून लिहून ठेवतो. सहा चाळीसला आसनावरून उठलो आणि मागच्या खोलीत गेलो. आप्पा अर्धे खाटेबाहेर होते. काठी जमिनीवर पडली होती. हात कोमट होता. मी सोवळ्यातच त्यांना उचलून खाटेवर घेतलं. डॉक्टर आले, म्हणाले हार्ट. मग विचारलं, यांनी कुणाला बोलावलं नाही का, अर्धा तास आधी कळलं असतं तर... आणि वाक्य पुरं न करता बॅग बंद केली. मी म्हणालो, मी ध्यानात होतो, मला काही ऐकू आलं नाही.

मुद्दाम म्हणालो असं नाही. तोंडातून निघून गेलं. सत्यवती दारात उभी होती.

दुपारी जयनगरहून अहल्याअक्का आली. माझी थोरली बहीण, आप्पांची फार लाडकी. उंबऱ्यावरच कोसळली. कुणीतरी तिला सांगितलं की हयवदन ध्यानात होता. तशी रडायची थांबली, माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, अय्यो, केवढं भाग्य रे आप्पांचं, मुलगा समाधीत असताना गेले. तिला तेवढाच आधार सापडला. तो काढून घेणं क्रूरपणाचं झालं असतं.

मला काही ऐकू आलं नाही. इथं एकदा स्वच्छ लिहून ठेवतो. आधी तीन, मग दोन, असं काहीतरी डोक्यात येतं, पण ते मागाहून सुचलेलं असणार.

५ मार्च, रविवार

ध्यान पुन्हा सुरू. संकल्पाला खंड नको.

सहा वाजून दहा मिनिटांनी मागच्या खोलीतून ठक ठक ठक. थोडं थांबून ठक ठक.

शेजारी कुणी खिळे ठोकत असतील. मागची खोली रिकामी आहे. खाट उभी करून ठेवली आहे, काठी अक्का आठवण म्हणून जयनगरला घेऊन गेली.

९ मार्च, गुरुवार

शेजाऱ्यांना विचारलं. सकाळी सहाला ते उठतही नाहीत.

१२ मार्च, रविवार

उलगडा झाला! पोथीत दिलं आहे की साधक वर चढू लागला की त्याला आतून नाद ऐकू येतात. आधी घंटा, मग शंख, मग वीणा, मृदंग वगैरे. म्हणजे ही भीतीची गोष्ट नाही, प्रोग्रेसची आहे. उगाच आठवडाभर मला घाम फुटत होता.

क्लासनंतर भीमसेनरावांना गाठून विचारलं, काठीचा नाद कितव्या पायरीवर येतो? ते म्हणाले, काठीचं कुठं लिहिलेलं नाही. मग माझ्याकडं नीट बघून म्हणाले, झोप येते का तुम्हाला?

बिचारे ड्रिलमास्तर. त्यांना शंखापर्यंतसुद्धा कुठं ऐकू आलं असेल.

२ एप्रिल, रविवार

सहज म्हणून जयनगरला गेलो. अक्काच्या घरात काठी दारामागं छत्रीशेजारी उभी होती. नवीन विशेष काही नाही. जाताना खिशात रबराचं बूच घेऊन गेलो होतो, ते काठीच्या टोकाला घट्ट बसवलं. अक्कानं विचारलं, हे कशाला? म्हणालो, तुझी जमीन खराब होऊ नये म्हणून. तिनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, किती बारीक लक्ष तुझं.

३ एप्रिल, सोमवार

रबराचा उपयोग झाला नाही. तीन, मग दोन.

काठी तीन मैलांवर आहे हे मला कळतं. तरी.

२१ मे, रविवार

जागा बदलून पाहिली. पहाटे लालबागेत गेलो आणि खडकावर चढून बसलो. मोकळी हवा, पाखरं, समोर तळं. दहा मिनिटं काहीच नाही. मला एवढा आनंद झाला की रडू आलं. मग खडकातून ठक ठक ठक. शेंगा विकणारा एक म्हातारा जवळच बसला होता, त्याला विचारलं, तू काही आपटलंस का? त्यानं दोन्ही हात वर करून दाखवले आणि टोपली घेऊन लांब जाऊन बसला.

परत येताना दोन कॉफ्या घेतल्या. बाहेर घेतलेली मोजायची नाही असं ठरलं आहे.

१७ सप्टेंबर, रविवार

अक्कानं सगळीकडे सांगितलं आहे. आता जयनगरची, चामराजपेठेची माणसं येतात. केळी आणतात, पुढ्यात ठेवतात. मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, सून ऐकत नाही, काहीतरी सांगा. मी डोळे मिटून बसतो. त्यांना ते पुरतं. कचेरीत साहेबसुद्धा हळू बोलतात. राग पार गेला. मागून कुणी टेबलावर बोट वाजवलं तरी छातीत धडधडतं. रागवायला सवड होत नाही.

सत्यवतीचं मात्र लक्षण ठीक नाही. सहा वाजले की चुलीवरचं तसंच टाकून परसात जाते आणि नळ सोडून त्याखाली रिकामी बादली ठेवते. बादली भरते, वाहते, ही नुसती उभी. पाण्याची केवढी नासाडी. आज बोललो. ती म्हणाली, तुमचं ध्यान तुम्ही बघा.

१० डिसेंबर, रविवार

दहा महिने झाले. सुतकातले दिवस सोडले तर संकल्प एक दिवसही मोडलेला नाही. तीन ठोके पडतात तेव्हा मी मांड्या हातांनी दाबून धरतो. दोन पडले की सोडतो. मग घरात जी शांतता होते तशी कुठल्या डोंगरावर नसेल. तिची मला ठोक्यांपेक्षा जास्त भीती वाटते.

संकल्प सोडावा का? पाणी सोडलेलं आहे. आप्पांनीच मोडू नको म्हटलं होतं. आणि आता सोडला तर लोक विचारतील, तेव्हा का नाही उठलात?

४ फेब्रुवारी १९६२, रविवार

आठ ग्रह एका राशीत. जग बुडणार म्हणून आमच्या बसवनगुडीत गल्लोगल्ली होम. क्लासमध्ये माझं भाषण ठेवलं होतं: मन एकाग्र कसं करावं. हॉल गच्च. बायकांत मागं सत्यवतीही होती.

भाषण उत्तम झालं. आप्पांची गोष्ट सांगितली. म्हणालो, पलीकडच्या खोलीत माझा जन्मदाता काठी आपटत होता, आधी तीन ठोके, मग दोन, आणि मी मात्र इतका आत उतरलो होतो की मला काहीही ऐकू आलं नाही! लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा पुढच्या रांगेतून भीमसेनराव म्हणाले, राव, ऐकू आलं नाही तर तीन आणि दोन हे कसं कळलं?

मी डोळे मिटले. मग म्हणालो, ते पुढं ध्यानात दिसलं. टाळ्यांचा कडकडाट. भीमसेनरावांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत बसले. सत्यवती उठून केव्हा गेली ते मला कळलं नाही.

जग बुडालं नाही. मला वाटलं होतं, बुडेल.

२८ फेब्रुवारी, बुधवार

आप्पांचं वर्षश्राद्ध. अक्का, तिची माणसं, क्लासमधले चार लोक. मी सोवळं नेसून पाटावर बसलो. भटजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली. हातावर तीळ घातलेलं पाणी. गोत्र म्हटलं. आप्पांचं नाव म्हटलं, गुंडो. पुढचा शब्द येईना.

ठक ठक ठक. भर दुपारी बारा वाजता, इतक्या माणसांत.

मी उठलो. हातातलं पाणी भटजींच्या अंगावर गेलं. मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आत पत्रावळ्यांचे गठ्ठे आणि उभी खाट. सगळे बघत होते. अक्कानं विचारलं, काय झालं रे? मी म्हणालो, आप्पा बोलावतायत. एवढंच. खरं तेच सांगितलं.

अक्कानं हात जोडले. मग तिच्या माणसांनी जोडले. कुणीतरी म्हणालं, केवढा अधिकार. मी ओरडलो, अहो, तसं नाही, मला तेव्हाही ऐकू आलं होतं! तर क्लासमधले एक गृहस्थ शेजाऱ्याला म्हणाले, बघा, कसा स्वतःकडे कमीपणा घेतात.

भटजींनी पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा पाणी सोडलं, कसं ते आठवत नाही. पानं वाढायला तीन वाजले.

१ मार्च, गुरुवार

आज बसलो नाही. सहा वाजता स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. सत्यवती तांदूळ धूत होती. नळावर गेली नव्हती. म्हणालो, मला ऐकू आलं होतं. ती धूत राहिली. पुन्हा म्हणालो. मग हात पाण्यातच ठेवून म्हणाली, मलापण.

खाली बसलो. तीच बोलत राहिली, माझ्याकडं न बघता. अहो, वरण चुलीवर होतं. अंगात कणकण होती. परत गार पाणी अंगावर घ्यायचं म्हणजे काटा येत होता. सकाळची काठी तुमची ठरली होती. तीन ठोके पडले, म्हटलं, उठतील. दोन पडले, म्हटलं, आता तरी उठतील, तिथं बसून करतायत काय? मी हट्टानं थांबले. मग खूप वेळानं एक पडला. हळू. भांडं सरकल्यासारखा. त्यानंतर नाही.

मी विचारलं, वर्षभर बोलली का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही समाधीत होता म्हणून सगळे हात जोडायला लागले. मग मी कुठं होते, ते कुणी विचारलंच नाही.

तिच्या पाठीवर हात ठेवला. ती सोवळ्यात होती. तिनं हात झटकला नाही. दोघंही खूप रडलो. चुलीवरचं करपलं.

सकाळी ९.३० कचेरीला गेलो नाही. एकाच गोष्टीचा विचार करतो आहे. मला वर्षभर तीन ऐकू आले, मग दोन. तो एक कधीच नाही. असं का? मग हळूहळू आठवलं. दोन ठोके पडल्यावर मला वाटलं, आता ही जाईल. जीव हलका झाला. भिंतीला डोकं टेकलं आणि झोप लागली. चांगली गाढ. जाग आली तेव्हा सहा चाळीस झाले होते. म्हणजे डॉक्टरांना जे सांगितलं त्यातलं तेवढं खरं होतं. तो एक ठोका मला ऐकू आला नाही.

सत्यवती म्हणते, तिला रोज सकाळी तेवढाच ऐकू येतो.